आमच्याकडे जातं नव्हतं

आमच्या घरात जातं कधीच नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा गोंधळ समजायला सोपा जाईल. कोथरूडमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही जातं आणलं असतं, तर खालच्या मजल्यावरच्यांनी दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या फळ्यावर आमच्या नावाने नोटीस लावली असती. आमच्याकडे मिक्सर होता. त्याचं झाकण हाताने दाबून धरावं लागे, नाहीतर चटणी छतावर जाई. तशी ती एकदा गेलीही होती आणि तो हिरवट डाग आम्ही घर सोडेपर्यंत तिथेच होता. गव्हाचं दळण कोपऱ्यावरच्या गिरणीतून यायचं, आणि ते आणायचं काम माझं असल्यामुळे मला त्याबद्दल शंका असायचं काहीच कारण नव्हतं. तरीही वयाच्या एकविसाव्या वर्षी मी माईकसमोर उभी राहून, डोळे मिटून, माझी आई पहाटे उठून जात्यावर दळण दळायची असं शंभरएक माणसांना सांगितलं. त्याबद्दल मला टाळ्या पडल्या आणि शाल मिळाली. शाल अजून आहे. इस्त्री करताना टेबलावर अंथरायला बरी पडते.

आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. ज्यांनी ट्रंक कॉल पाहिलाच नाही त्यांच्यासाठी सांगते: परगावी बोलायचं तर आधी कॉल नोंदवायचा, मग तास-दोन तास वाट बघायची, मग ऑपरेटरबाई दोन्ही टोकं जोडून देणार, आणि तीन मिनिटं भरली की मध्येच तोंड घालून विचारणार, ‘तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?’ समोरचा ‘वाढवा’ म्हणाला तर आणखी तीन मिनिटं, नाहीतर खट्. ती मध्ये तोंड घालणारी बाई म्हणजे माझी आई. हे वाक्य तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं की घरीही तिची सुटका नव्हती आणि आमचीही. मी बाथरूममध्ये गाणी म्हणत बसले की दारावर टकटक, ‘तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?’ बाबा पेपर घेऊन संडासात गेले की तेच. एवढंच काय, दोघं तावातावाने भांडत असताना ती एकदम घड्याळाकडे बघायची आणि त्या खास खात्याच्या आवाजात तेच विचारायची. बाबा रागारागाने म्हणायचे, ‘वाढवा!’ आणि मग भांडण पुढे नेणं दोघांनाही कठीण जायचं. पुढे गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ झाले, ट्रंक कॉल गेले, आईला खात्याने चौकशीच्या टेबलावर बसवलं. वाक्य मात्र तिने सोडलं नाही.

तिला स्वयंपाकाची आवड बिलकुल नव्हती. जमायचा, पण आवड नव्हती. ड्यूटीच्या वेळा विचित्र असायच्या, त्यामुळे आमच्याकडे शिळ्या पोळ्यांचा मोठा व्यवहार चाले. सकाळच्या पोळ्या संध्याकाळी कुस्करून, कांदा-मिरची-कढीपत्ता घालून फोडणीला पडायच्या, वरून कच्चं तेल आणि लिंबू. मोहरी तडतडली की ती कढईपासून दोन पावलं मागे सरकायची आणि लांबूनच पोळी टाकायची. साड्या सगळ्या सिंथेटिक, इस्त्री लागत नाही म्हणून. मोपेडवर पदर खोचून बसली की तिला कोणी अडवू शकत नसे, सिग्नलसुद्धा नाही.

बाबा इन्स्पेक्टर होते. पोलिसातले नव्हे. पोलिसातले असते तर सोसायटीत, नातेवाइकांत काही वजन तरी पडलं असतं. ते कारखान्यात तयार झालेले सुटे भाग मोजून पास-नापास करायचे. पास झाला तर भागाला हिरवी चिठ्ठी, दुरुस्त होण्यासारखा असेल तर पिवळी, भंगारात जायचा असेल तर लाल. जाड पुठ्ठ्याची, भोक पाडून दोरा ओवलेली ही चिठ्ठी. तिला ते टॅग म्हणत. नमुना बदलला म्हणून टाकून दिलेल्या टॅगांचे गठ्ठे बाबांनी घरी आणले होते, आणि आईने ते स्वयंपाकघरातल्या डब्यांना बांधले होते. तुरीच्या डाळीला हिरवा, ज्यात कधीमधी पोरकिडे होत त्या रव्याला पिवळा, आणि लाल टॅग आत्याने दिवाळीला पाठवलेल्या मेतकुटाला. बाबांच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघणं मुश्कील. ‘चालेल’ ही त्यांची सर्वोच्च पदवी. माझा बारावीचा निकाल बघून ते ‘चालेल’ म्हणाले तेव्हा आईने शेजारी पेढे वाटले.

मग एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. कारखान्यात परदेशातून एक मापयंत्र आलं, जे स्वतःच मोजायचं आणि स्वतःच ठरवायचं, आणि बाबांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली स्वेच्छा कंपनीची होती आणि निवृत्ती बाबांची. आणि त्यानंतर चार महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, गॅसवर चहा ठेवून आई ओट्याला टेकून खाली बसली, ती उठलीच नाही. चहा उतू जाऊन गॅस विझला, त्या वासाने आम्ही आत धावलो. डॉक्टर आले, त्यांनी हात धरला आणि सोडला. यापुढचे तेरा दिवस मला नीट आठवत नाहीत. आठवतात ते डबे. लोक पिठलं, भात, पोळ्या आणून देत होते आणि ते रिकामे डबे कोणाचे कोणते हे मला कळत नव्हतं. आई असती तर टॅग लावून ठेवले असते.

बाबांनी बोलणं सोडलं. एकदम नाही, हळूहळू, नळाचं पाणी कमी होत जातं तसं. आधी वाक्यं गेली, मग शब्द, मग उरलं ‘हो’, ‘नको’ आणि ‘ठेव तिथे’. गॅलरीत वेताच्या खुर्चीवर बसून राहायचे. दाढी आठवड्याने व्हायची, पेपर घडी न मोडता रद्दीत जायचा. समोर ताट ठेवलं तर जेवत, नाही ठेवलं तर नाही. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि आईनेच हट्टाने लावलेल्या कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. तेव्हा कोथरूडमध्ये दर दोन दुकानांआड एक असा क्लास होता. येता-जाता मी खालून गॅलरीकडे बघायची. बाबा दिसले की हायसं वाटायचं आणि लगेच रागही यायचा. माझीही आई गेली होती की! पण घरात एक खुर्ची होती आणि ती त्यांनी पकडली होती.

मला रडायला जागा पाहिजे होती, ती मिळाली काव्यमंडळात. दर गुरुवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे कानाला लावून बसलेले पंचवीस-तीस कवी. आमचे अध्यक्ष निगुडकर सर, निवृत्त मुख्याध्यापक, खादीचा झब्बा, आवाज तुपातला. सर म्हणायचे, ‘दुःख कागदावर उतरवा. उतरवलं की हलकं होतं. दुसऱ्याला ऐकवलंत की त्याचंही हलकं होतं.’ मला हे इतकं पटलं की मी दुःख किलोकिलोने उतरवायला लागले. तीन महिन्यांत दोन वह्या. ‘विझलेली वात’, ‘रिता पाळणा’ (पाळणा कोणाचा, देवाला ठाऊक, मी एकुलती एक आणि चांगली एकवीस वर्षांची), ‘उंबरा पोरका’. आमच्या फ्लॅटला उंबरा नव्हता, मोझाइकची लादी होती. पण लादी पोरकी कशी होणार? तर उंबरा. असं करत करत माझ्या कवितेतली आई हळूहळू नऊवारीत गेली, मग तिने चूल पेटवली, मग तुळशीला पाणी घातलं, आणि एक दिवस जात्यावर येऊन बसली. मंडळातल्या सगळ्यांच्या कवितांतल्या आया तेच करत होत्या. माझीच एकटी मोपेडवरून कशी येणार?

खरं सांगायचं तर आत कुठेतरी मला कळत होतं. पण खऱ्या आईबद्दल लिहायला बसले की पहिल्या ओळीच्या पुढचं सुचायचं नाही. ह्या दुसऱ्या आईबद्दल मात्र झरझर सुचायचं. ती मेली त्याचं मला फारसं दुःख नव्हतं ना!

आता त्या दिवसांतली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. आई रोज सकाळी ताटलीत काढून द्यायची. एकदा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून मी काढलं, तर त्याच्यामागे गोळ्यांची पाकिटं, रबरबँड लावलेली, एकही गोळी न फोडलेली. किती दिवस? बाबाही जाणार, आणि ते ठरवून जाणार, हे इतकं स्पष्ट दिसलं की मी स्टुलावरच बसले. कोणीही शहाणी मुलगी काय करेल? ओरडेल, रडेल, डॉक्टरांना बोलावेल. मी संध्याकाळी विचारलं, ‘बाबा, गोळ्या घेता ना?’ ते म्हणाले, ‘हो.’ मी तेवढ्यावर थांबले, आणि ती पाकिटं उघड्या वहीत ठेवून, त्यांच्याकडेच बघत बघत कविता लिहिली. ‘चांदीच्या पाकिटात दहा चंद्र निजलेले.’ हे वाचून तुम्ही मला जे म्हणत असाल, ते मी स्वतःला बरेचदा म्हणून झालेलं आहे. पण भीती खरी होती. त्या भीतीचं काय करायचं ते येत नव्हतं, आणि कविता येत होती. म्हणजे, येते असं वाटत होतं.

तेवढ्यात मंडळाची वार्षिक स्पर्धा आली, विषय ‘आई’. माझ्या कवितेला पहिलं बक्षीस. मी मनात सगळा बेत रचला. बाबांना कार्यक्रमाला न्यायचं. पुढच्या रांगेत बसवायचं. मी कविता म्हणणार, बाबांचा बांध फुटणार, ते ढसाढसा रडणार, मग मोकळे होणार, मग बोलायला लागणार, मग गोळ्या घेणार. सगळं माझ्या चार कडव्यांवर. त्या दिवशी त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावायलाच मला पाऊण तास लागला. ‘बाबा, एकदाच. माझ्यासाठी.’ ते उठले.

रविवारी सकाळी दहाला शाळेचा हॉल, मागे पताका, पुढे समई, समईजवळ कोणाचा तरी लहान मुलगा जाऊ नये म्हणून उभ्या केलेल्या बाई. मी डोळे मिटले आणि सुरू केलं:

आई, पहाटे घरघरायचं तुझं जातं,
पिठासंगे सांडायचं तुझं आयुष्य;
ठिगळाच्या लुगड्यात बांधून ठेवलंस
चुलीच्या धुरात आमचं भविष्य.

पुढची तीन कडवी तुमच्यावर घालत नाही. हॉलमध्ये रुमाल निघाले. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाबांकडे बघितलं. ते रडत नव्हते. कपाळाला आठ्या घालून, मान किंचित तिरकी करून ऐकत होते. ही मान मी ओळखायला हवी होती. रविवारी घरी आणलेली भाजी बघताना ती अशीच तिरकी व्हायची.

शाल घालून झाल्यावर निगुडकर सरांना भरून आलं. आमच्याकडे भरून आलं की दोन शब्द बोलायला लावायची पद्धत आहे. ‘ह्या थोर माउलीचे यजमान आज आपल्यात आहेत. मी त्यांना विनंती करतो, त्यांनी दोन शब्द बोलावेत.’ मी मानेनेच नको नको म्हणत होते. बाबा उठले. आठ महिन्यांत ‘ठेव तिथे’च्या पलीकडे न गेलेला माणूस माईकपाशी गेला, माईक ठीक चालतोय का ते बोटाने ठोकून बघितलं, आणि म्हणाला:

‘नमस्कार. आमच्याकडे जातं नव्हतं.’

बाबा पुढे म्हणाले, ‘लुगडंही नव्हतं. माझी पत्नी शैला टेलिफोन खात्यात नोकरीला होती. चूल तिला पेटवता आली नसती. गॅस पेटवतानाही लायटर चारदा मारायची. तुळस आमच्याकडे एकदा आणली होती, ती वाळली. कवितेतल्या बाई चांगल्या असतील. मला त्यांची माहिती नाही. पण त्या आमच्या नव्हेत. धन्यवाद.’

आणि येऊन बसले. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळा हॉल हसला. सर ‘वा, वा, प्रांजळ मनोगत’ असं काहीतरी म्हणाले. मी शालीत तोंड लपवलं. शाल नवी होती, तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

घरी येईपर्यंत बाबा दोन पावलं पुढे आणि मी मागे. दार लावल्यावर मी फुटले. ‘शंभर लोकांसमोर माझी लाज काढलीत! आठ महिने तोंड उघडलं नाहीत आणि उघडलंत ते ह्यासाठी? मी तुमच्यासाठी करत होते सगळं!’ बाबा चप्पल काढत म्हणाले, ‘माझ्यासाठी असेल, तर माप बरोबर पाहिजे.’ आणि गॅलरीत गेले. मग मीही बोलणं बंद केलं. आता घरात दोघं मुके आणि एक फ्रिज, तोच काय तो घुरघुरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर माझी बक्षीसपात्र कविता होती. कागदाला भोक पाडून त्यात दोरा ओवला होता आणि दोऱ्याला टॅग. बाबांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: ‘भागाचे नाव: आई. दोष: मापे जुळत नाहीत. जाते, लुगडे, चूल, तुळस काढणे.’ मी रागाने तो कागद चुरगळणारच होते, इतक्यात एक गोष्ट लक्षात आली. टॅग लाल नव्हता, पिवळा होता. भंगार नाही, दुरुस्त करून परत आणा. मी गॅलरीकडे बघितलं. बाबा पाठमोरे बसले होते, आणि त्यांची दाढी केलेली होती.

मी हट्टी आहे. त्यांचीच आहे. त्याच दिवशी नवीन लिहिली आणि संध्याकाळी ताटाशेजारी ठेवली. ‘आई कांदा चिरताना पंखा लावायची’ अशी सुरुवात होती. सकाळी टॅग, पुन्हा पिवळा: ‘स्वयंपाकघरात पंखा नव्हता. कांदा बाहेरच्या खोलीत आणून चिरत असे. बाकी ठीक.’ तिसऱ्यांदा मी मोगऱ्याचा गजरा घातला. ‘मोगऱ्याने डोके दुखत असे. अबोली चाले.’ चौथ्यांदा: ‘ती गाणे गुणगुणत नसे. ते तू. ती बातम्यांशी भांडत असे.’ पाचव्या टॅगला जागा पुरली नाही, म्हणून त्यांनी मागच्या बाजूलाही लिहिलं होतं. एके सकाळी टॅगवर लिहायचं सोडून ते सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, ‘अगं, तिखट डाव्या हाताने नव्हती घालत. डाव्या हातात घड्याळ असायचं, पट्ट्याला डाग पडतो म्हणून. कशी मुलगी आहेस तू? बघत नव्हतीस?’ मी म्हटलं, ‘तुम्ही बघत होतात?’ ‘अठ्ठावीस वर्षं,’ म्हणाले, आणि फोडणीची पोळी करायला घेतली. मोहरी तडतडली तेव्हा तेही दोन पावलं मागे सरकले.

आता मला विचाराल तर माझी सगळी पुढची नोकरी त्या टेबलावर ठरली. कॉम्प्युटरच्या क्लासनंतर मी सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांत लागले, आणि पंचवीस वर्षं खराडीच्या काचेच्या इमारतीत बसून दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या. नोकरी लागली तेव्हा बाबांना समजावून सांगितलं की दुसरे बनवतात आणि मी बिघडतंय का ते बघते. ते म्हणाले, ‘म्हणजे इन्स्पेक्शनच. आणि ते यंत्र अजून आलं नाही वाटतं तुमच्याकडे.’ हल्ली आलं आहे म्हणतात. असो.

तर नववी कविता. तिच्यात मी ते वाक्य घातलं होतं. न्हाणीचं दार, बाबांचा पेपर, भांडण, घड्याळ, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?’ मला ती गंमत जमली होती असं वाटत होतं. ह्या वेळी टॅग लावून ठेवायची वाट न बघता मी दुपारी गॅलरीत जाऊन त्यांना वाचून दाखवली. ते ऐकत राहिले. मान तिरकी झाली.

‘दोष काय?’ मी विचारलं.

‘माप बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘पण कारण दिलेलं नाही.’

‘कसलं कारण? सवय होती तिची.’

‘सवय नव्हे. लग्नानंतर सात-आठ वर्षं ती घरी असं काही म्हणत नसे. तुला तिने सांगितलं नाही?’ मी नाही म्हटलं. बाबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मग सांगायला लागले. मी जेमतेम रांगत असेन तेव्हाची गोष्ट. पोस्टातून एका माणसाने खेड्यात कॉल लावला होता. आईने जोडून दिला. पलीकडून कोणीतरी ‘हॅलो, कोण, कोण बोलतंय’ असं ओरडत होतं आणि हा माणूस काही बोलेचना. नुसता श्वास ऐकू येत होता. तीन मिनिटं झाली. आईने विचारलं, ‘वाढवायचं का?’ तो म्हणाला, ‘वाढवा.’ पुन्हा गप्प. पुन्हा तीन मिनिटं झाली. पुन्हा ‘वाढवा’. पलीकडच्याला काय समजलं कोण जाणे, त्यानेही ओरडणं थांबवलं आणि तोही नुसता धरून बसला. असं पाच वेळा. शेवटी तो माणूस म्हणाला, ‘दादा, ती गेली,’ आणि मग रडला. आई लाइनवर होती. तिने कॉलच्या चिठ्ठीवर फक्त तीन मिनिटं लिहिली. मागे उभ्या असलेल्या सुपरवायझरने बघितलं आणि तिला मेमो मिळाला.

‘त्या दिवशी घरी आली आणि जेवली नाही,’ बाबा म्हणाले. ‘मला म्हणाली, अहो, माणसाला बोलता येत नसेल तर निदान लाइन तोडू नये एवढं तरी आपल्या हातात असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही कशावरून तरी भांडलो, मी रुसून गप्प बसलो, तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं. तीन मिनिटं झाली, वाढवायचं का. मला वाटलं चेष्टा करते. चेष्टा होतीच. पण...’

‘पण’च्या पुढे त्यांना जाता आलं नाही. माझे बाबा, ज्यांना मी स्मशानातही रडताना पाहिलं नव्हतं, ते त्या वेताच्या खुर्चीत, गुडघ्यावर चष्मा धरून, आवाज न करता रडायला लागले. आणि मी काय केलं सांगू? माझा हात पेनाकडे गेला! खरंच गेला. नऊ कविता झाल्या होत्या आणि दहावी समोर बसून रडत होती. मग मला स्वतःचीच इतकी शिसारी आली की मी पेन गॅलरीतून खाली टाकलं. ते खालच्या वाळत घातलेल्या गोधडीवर पडलं, त्याबद्दल नंतर ऐकून घ्यावं लागलं. मी त्यांच्या खुर्चीजवळ लादीवर बसले आणि माझंही सुरू झालं. ‘विझलेली वात’वालं नव्हे. नाक गळणारं, उचक्या लागणारं, कवितेत घालता न येणारं. आई, आई, एवढंच म्हणत होते. बाबांचा हात माझ्या डोक्यावर होता आणि तो जड होता.

आतलं घड्याळ ऐकू येत होतं. किती वेळ गेला, मी मोजलं नाही. समोरच्या इमारतीत कुकरच्या शिट्ट्या झाल्या, खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत राहिलं. बाबा अजून थांबले नव्हते, पण आता अधूनमधून माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखे होत होते, आपण आवरतं घ्यायला हवं असं वाटणाऱ्या माणसासारखे. मी नाक पुसलं आणि तिचा तो खात्यातला आवाज काढायचा प्रयत्न केला. निम्म्यात चिरकला.

‘तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रडता रडता त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता पुन्हा रडू.

‘वाढव,’ म्हणाले.

आम्ही बराच वेळ वाढवलं. मग ते उठले, तोंड धुऊन आले, टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून बाहेरच्या खोलीत घड्याळापाशी गेले आणि त्याच्यामागे हात घालून चाचपडायला लागले. ‘मेधा,’ त्यांनी हाक मारली, ‘इथे माझ्या गोळ्या होत्या, तू पाहिल्यास का? चार दिवस शोधतोय.’

चार दिवस! माझे कान गरम झाले. मी आत गेले, बक्षीसपात्र वही आणली आणि ‘चांदीच्या पाकिटात दहा चंद्र’ असं लिहिलेल्या पानातून ती पाकिटं, रबरबँडसकट, काढून त्यांच्या हातावर ठेवली. बाबांनी वही बघितली, पाकिटं बघितली, मला बघितलं. चष्मा लावून, पाकीट उजेडाकडे धरून त्यांनी मागची बारीक अक्षरातली तारीख वाचली, एक एक गोळी अंगठ्याने दाबून फुटकी नाही ना ते तपासलं, आणि मान सरळ केली.

‘चालतील,’ म्हणाले. ‘पाणी आण.’